दिनविशेष : ६ जुलै १९९८ – हाँगकाँगच्या नव्या विमानतळावरून वाहतुकीस प्रारंभ

काउलूनच्या दाट वस्तीतील काई ताक विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी बंद झाला आणि त्याच दिवशी लांताऊ बेटालगतच्या छेक लाप कोक येथील नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून हाँगकाँगची हवाई वाहतूक सुरू झाली. काई ताकची १९५८ मध्ये समुद्रात भराव टाकून बांधलेली एकमेव धावपट्टी वाढत्या वाहतुकीला अपुरी पडत होती. शिवाय एका दिशेने उतरताना वैमानिकांना इमारतींच्या माथ्यांवरून, कमी उंचीवर तीव्र उजवे वळण घ्यावे लागे आणि रहिवाशांना होणाऱ्या आवाजाच्या त्रासामुळे रात्रीच्या उड्डाणांवर निर्बंध होते.

नव्या विमानतळासाठी दोन बेटे सपाट करून व समुद्रात भराव घालून सुमारे १,२५० हेक्टर जमीन तयार करण्यात आली, तर ती शहराशी जोडण्यासाठी स्वतंत्र जलद रेल्वे आणि १,३७७ मीटरचा मुख्य गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधील अंतर, असलेला त्सिंग मा हा झुलता पूल उभारण्यात आला. संगणक प्रणालीतील बिघाडामुळे प्रारंभी मालाची मोठी कोंडी झाली आणि काही माल पुन्हा काई ताकवर हाताळावा लागला. तथापि, अहोरात्र चालणारा हा तळ पुढे दक्षिण चीनमधील कारखान्यांचे आकाशद्वार ठरला आणि २०१० पासून जगातील हवाई मालवाहतुकीत बहुतेक वर्षे अग्रस्थानी राहिला. विमानतळाच्या क्षमतेचा विचार रस्ते, रेल्वे आणि नागरी वस्ती यांच्यासह एकत्रितपणे केल्यास महानगराचे व्यापारी सामर्थ्य किती वाढते, याचे हे ठळक उदाहरण आहे.