लाल-पांढऱ्या गाडीचा पाहुणचार

मी शाळेत असताना आमच्या शेजारच्या काकूंचा भाऊ लिस्बनला होता. सुट्टीत येताना तो तिथली मासिकं आणायचा. त्यातलं एक चित्र कापून मी अभ्यासाच्या टेबलासमोर डकवलं होतं. आयर्टन सेना आणि त्याची लाल-पांढरी मॅक्लारेन! पोर्तुगीज येत नव्हतं, पण गाडीवरचं नाव वाचता यायचं: मार्लबोरो. हे सिगारेटचं नाव आहे हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. आमच्या घरात तर कुणाला सुपारीचंही व्यसन नव्हतं.

मग ते नाव आमच्या भिंतीवर पोचलं कसं?

ब्रिटनमध्ये १९६५ साली टीव्हीवर सिगारेटची जाहिरात करायला बंदी आली. १९६८ मध्ये शर्यतींच्या नियमांनी गाडीवरच्या जाहिरातींना मोकळीक दिली आणि कॉलिन चॅपमन यांच्या लोटस गाड्यांचा जुना हिरवा रंग गेला. लाल, पांढरा, सोनेरी असे सिगारेटच्या पाकिटाचे रंग आले. संघाचं नावच झालं ‘गोल्ड लीफ टीम लोटस’. आता गंमत बघा. बातमीदार संघाचं नाव लिहिणार, म्हणजे सिगारेटचंही लिहिणार. जाहिरातीचा पैसा वर्तमानपत्राला द्यायला नको आणि कायदाही मोडत नाही.

अमेरिकेतही १९७१ पासून टीव्हीवर अशीच बंदी होती. तरी १९८९ च्या ‘मार्लबोरो ग्रांप्री’चं प्रक्षेपण डॉ. अॅलन ब्लम यांनी तपासलं, तेव्हा सुमारे ९४ मिनिटांत ते नाव ५,९३३ वेळा दिसलं किंवा ऐकू आलं. दर सेकंदाला एकदाहून जास्त!

पण नाव रंगवून भागत नाही, ते कागदावर उतरावं लागतं. त्यासाठी पाहुणचार. शर्यतीच्या मैदानामागे प्रायोजकाची बस उभी असायची, तिला मोटरहोम म्हणत. आत स्वयंपाकी, गरम जेवण, कॉफी, बसायला खुर्च्या. शिवाय तयार प्रसिद्धिपत्रकं आणि छायाचित्रं. मार्लबोरोच्या नावाने तर दरवर्षी जुन्या शर्यतींचे निकाल आणि आकडे देणारी एक मार्गदर्शिका निघायची. ती स्विस पत्रकार जाक देशेनो तयार करत. म्हणजे खेळाचा इतिहास बघायलाही सिगारेटचं नाव असलेलं पुस्तक उघडायचं.

त्या पुस्तकातले आकडे खरेच होते. जेवणाच्या बदल्यात ‘खोटं लिहा’ असं म्हणायची गरजच नसते. नाव चालू राहिलं आणि काही प्रश्न विचारले गेले नाहीत, की जेवणाचा खर्च वसूल होतो.

हे मला कळतं, कारण मी सरकारी कारकून आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांतला तेरावा नियम सांगतो की सहज झालेलं जेवण म्हणजे भेट नव्हे, मात्र ज्यांचं काम आपल्याकडे आहे त्यांचा वारंवार किंवा थाटाचा पाहुणचार टाळावा. हा नियम करणारा माणूस अनुभवी असणार. एका ठेकेदाराबरोबर दोन-चार वेळा चहा घेतला, तेव्हा त्याची फाईल मी काही वर काढली नाही. पण तिच्यातली चूक दाखवताना शेरा जरा मऊच लिहिला गेला. पेन माझंच होतं. तेव्हापासून तो चहा बंद केला.

आपल्याकडे २००३ च्या कायद्याने तंबाखूचं प्रायोजकत्व बंद केलं. युरोपात २००५ पासून बंदी आली. तरी फेरारीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक ‘बारकोड’ राहिला. तो मार्लबोरोचीच आठवण करून देतो अशी ओरड झाल्यावर २०१० मध्ये तोही निघाला.

माझ्या भिंतीवरचं चित्र घर रंगवताना फाटलं. सेना मला अजूनही आवडतो, आणि तो आठवला की ते नावही आठवतं. त्या बातमीदारांना नावं ठेवायला मात्र जीभ रेटत नाही. त्या बसमध्ये मी असतो, तर दुसरी कॉफी मागितलीच असती.