फकिरा दहादा, तराळ एकदाच

आमच्या वस्तीत 'फकिरा' पहिल्यांदा वाचला गेला तो कंदिलाच्या उजेडात. साल १९६६. मी तेव्हा नववीत होतो. आमचे गाव वाळवे तालुक्यातले, अण्णा भाऊंच्या वाटेगावापासून फार लांब नव्हे. वस्तीत वाचता येणारी पोरे चार, त्यांत आवाज मोठा माझा; म्हणून पुस्तक माझ्या हाती आले. पुठ्ठा गेलेला, पहिली पाने तेलाने माखलेली. ऐकायला आमच्या महारवाड्यातली माणसे होतीच, पण मांगवाड्यातलीही येऊन बसली. एरवी एकमेकांच्या घरी पाणी न पिणाऱ्या दोन वस्त्या एका पुस्तकाभोवती बसल्या होत्या. ही गोष्ट किती मोठी होती हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, त्या घोळक्यात पुढे बसत. पुढच्या वर्षांत त्यांनी 'फकिरा' दहादा तरी ऐकला असेल. राणोजी जोगणी घेऊन निघतो ते पान आले की ते मांडी बदलून ताठ बसत. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही.

१९८१ साली शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' प्रसिद्ध झाले. मी तोवर प्राथमिक शाळेत मास्तर झालो होतो. सांगलीहून पुस्तक आणले आणि मोठ्या हौसेने आबांना वाचून दाखवू लागलो. आबा स्वतः गावचे तराळ. महार वतने बंद करणारा कायदा १९५८ सालचा, अंमल १९५९ पासून. पण आबांच्या हातातली तराळकीची काठी सुटायला त्यानंतरही काही वर्षे गेली. हे पुस्तक म्हणजे त्यांचेच चरित्र, ते खूश होतील, असा माझा हिशेब. विहिरीत प्रेत सापडते आणि ते काढायला फौजदार तराळाला विहिरीत उतरवतो, काठावर त्याचा शिकणारा पोरगा उभा आहे, हे प्रकरण मी वाचत होतो. आबा उठले. पायांत काही न घालता बाहेर गेले. पुन्हा त्या पुस्तकाचे नाव त्यांनी काढले नाही.

फकिरा दहादा, तराळ एकदाच. का? हा प्रश्न चाळीसएक वर्षे माझ्याबरोबर आहे. पुस्तकातला माणूस वाचणाऱ्याच्या मनात कशाने घर करतो, हा साहित्याचा जुनाच प्रश्न. मला तो आमच्या ओसरीवर भेटला.

उत्तर शोधताना मला आमच्या मुलखाबाहेर जावे लागले नाही. पूर्वी हा सगळा एकच सातारा जिल्हा. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. एवढ्याशा टापूने मराठीला किती वेगवेगळ्या जातीची पुस्तके दिली पाहा. वाटेगावच्या अण्णा भाऊंची कादंबरी. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची व्यक्तिचित्रे आणि 'बनगरवाडी'. आटपाडीच्या खरातांचे आणि फलटणकडच्या लक्ष्मण मान्यांचे आत्मकथन. आणि या सर्वांच्या आधी घडलेली एक हकीकत, जी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली.

त्या हकीकतीपासूनच सुरुवात करू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. पुढल्या वर्षी, १९०१ साली, तो घरच्या मुलांबरोबर आगगाडीने वडिलांकडे निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. घ्यायला कोणी आलेले नाही. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, आणि मुले महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटतो. कोणी गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे ठरते, आणि गाडी मुलांनीच हाकायची अशी अट पडते. शिदोरी भरपूर, पाणी मात्र नाही. नाकेदाराकडे पाणी मागायचे तर मुसलमान आहोत म्हणून सांगायचे, असा सल्ला मिळतो. तसे सांगूनही पाणी मिळत नाही. रात्र तशीच जाते.

बाबासाहेबांनी ही आठवण पुढे तीसपस्तीस वर्षांनी इंग्रजीत लिहिली. ती पुस्तिका म्हणून छापली गेली १९९० साली. ती वाचताना मला एक गोष्ट लक्षात येते. लिहिणारा तोवर महाडचा आणि गोलमेज परिषदेचा नेता झालेला आहे, पण त्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी त्याने एकही पुढाऱ्याचे वाक्य घातलेले नाही. मुलगा भाडे किती, रात्र किती उरली, पाणी कुठे मिळेल, एवढाच विचार करतो. म्हणून वाचणारा त्याची कीव करत बसत नाही, तो त्याच्याबरोबर गाडीत बसतो. पाणी मिळेल का, याची काळजी आपल्यालाच लागते.

इथे पहिला धागा हाती लागतो. दुःख कितीही मोठे असो, नुसत्या दुःखाने माणूस जवळ येत नाही. दुःखात सापडलेला माणूस पुढच्या घटकेला काय करणार, हे पाहण्यासाठी आपण थांबतो. निवड करायला जागा कितीही थोडी असो, तेवढ्या जागेत तो काय निवडतो, त्यात तो दिसतो. आमच्या लेखनावर आरोप होतो की ही सगळी गाऱ्हाणी एकसारखी आहेत. गाऱ्हाणी एकसारखी असतील. अन्याय एकाच साच्यातला असेल तर ती वेगळी कुठून येणार? पण त्या गाऱ्हाण्यात उभी असलेली माणसे एकसारखी नसतात, आणि चांगले पुस्तक ही माणसे वेगळी करून दाखवते. अमेरिकेतले निग्रो लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९४९ साली एका निबंधात निषेधाच्या कादंबऱ्यांवर हाच आक्षेप घेतला होता. १८५२ सालच्या 'अंकल टॉम्स केबिन'पासून रिचर्ड राइट यांच्या १९४० सालच्या 'नेटिव्ह सन'पर्यंत अन्याय दिसतो, पण माणूस त्या अन्यायाच्या मापाचा होऊन बसतो, असा त्यांचा रोख. हा आक्षेप परक्याचा नाही, घरातल्याचा आहे. म्हणून तो आपणही ऐकला पाहिजे.

आता 'फकिरा'. कादंबरी १९५९ सालची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिच्यावर तक्रार अशी की नायक फार मोठा, सगळे भडक. पण ही माणसे कोणत्या चौकटीत उभी आहेत ते पाहा. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली आला आणि पुढे वाढत जाऊन त्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. सकाळ-संध्याकाळ हजेरी. गाव सोडायचे तर परवानगी. हा कायदा देशभरातून रद्द झाला १९५२ साली. ज्याला दुसऱ्या गावाला जायला चिठ्ठी लागते त्या माणसाला अण्णा भाऊंनी घोड्यावर बसवले. आमच्या लोकांनी त्याला भडक म्हटले नाही.

त्याच १९५९ साली इंग्लंडात एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराचे आदिम बंडखोरांवरचे पुस्तक निघाले. सरकार ज्याला दरोडेखोर म्हणते त्याला गोरगरीब आपला का मानतात, याचा शोध त्यात आहे. वाटेगावच्या, शाळेत दीड दिवस बसलेल्या माणसाची आणि लंडनच्या प्राध्यापकाची एकमेकांशी ओळख नव्हती. प्रश्न मात्र एक होता. हॉब्सबॉम यांनी त्याची कारणे दिली. अण्णा भाऊंनी माणूस दिला. आणि त्या माणसाचा खरा कस खजिना लुटण्यात लागत नाही. तो शेवटी लागतो. आपल्या लोकांना सरकारने कोंडले आहे, ती सुटायची तर स्वतः हजर व्हायला हवे, अशी वेळ येते आणि फकिरा हजर होतो. घोडा आणि तलवार बाजूला ठेवली तरी हा फकिरा उरतो. आबा त्या पानाला कधीच काही बोलत नसत.

माणदेशात या. माडगूळकर आणि खरात, दोघेही औंध संस्थानच्या मुलखातले, दोघांची गावे आज एकाच आटपाडी तालुक्यात, वयांत सहा वर्षांचे अंतर. एक ब्राह्मणाच्या घरचा, दुसरा तराळाच्या. माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' १९४९ साली आले आणि 'बनगरवाडी' १९५५ साली. आपल्याकडे काही मित्र ही पुस्तके प्रस्थापितांची म्हणून बाजूला टाकतात. मला ते पटत नाही. धर्मा रामोशी असो की बनगरवाडीचा कारभारी, माडगूळकर कुणावर दया दाखवत नाहीत. ते थोडे बोलतात आणि माणसाला त्याच्या जागी उभा राहू देतात. ही शिकण्याची गोष्ट आहे.

पण फरक आहे, आणि तो सांगितला पाहिजे. 'बनगरवाडी'चा मास्तर बाहेरून आलेला आहे. दुष्काळ पडतो, वाडी उठते, आणि मास्तरही निघतो. त्याला निघता येते. तराळाला निघता येत नव्हते. वतनदार म्हणून तो गावाला बांधलेला. १८७४ च्या कायद्याने ती बांधणी पक्की झाली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे बिल आणले ते हीच गाठ सोडवण्यासाठी. म्हणून खरातांच्या पुस्तकात विहिरीत उतरणारा बाप आपल्याला धरून ठेवतो, तो उतरतो म्हणून नव्हे. नाही म्हणण्याची किंमत त्याला माहीत आहे आणि काठावरचा पोरगा ती किंमत मोजायला शिकतो आहे म्हणून.

मान्यांच्या 'उपरा'त, १९८० साली, ही गोष्ट उलटी होते. कैकाड्याला सोडायला गावच नाही. बिऱ्हाड गाढवावर, आज इथे तर उद्या तिथे, आणि त्यात बापाचा हट्ट की पोरगा शिकला पाहिजे. गावाचा विरोध वेगळा, जातपंचायतीचा वेगळा. एकाला गाव सुटत नाही, दुसऱ्याला गाव धरत नाही. दोघांच्याही गोष्टीत ओढ आहे ती एकाच कारणाने. बापाने काहीतरी ठरवले आहे आणि ते त्याला झेपेल की नाही हे कळत नाही.

एवढे सगळे मी वाचून शिकलो. आबांचे उत्तर मात्र पुस्तकात नव्हते.

'तराळ-अंतराळ' ऐकताना उठून गेल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री आबा माझ्याजवळ येऊन बसले. मी काही विचारले नव्हते. ते म्हणाले, "आरं, फकिरा ऐकताना म्या फकिराच्या जागी बसायचो. ह्यात म्या त्या बापाच्या जागी बसलो. तिथं म्या खरंच बसल्यालो हाय."

आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आईलाही माहीत नव्हती. बेचाळीसच्या चळवळीनंतरचे दिवस. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा हा मुलूख. गावकामगाराने आबांना एक चिठ्ठी दिली, फौजदाराला पोचव म्हणून. आबांना अक्षर येत नव्हते. रात्री चार कोस चालून त्यांनी चिठ्ठी पोचवली. चिठ्ठीत त्यांच्याच चुलतभावाचे नाव होते. तो भूमिगतांना भाकरी पोचवत होता. भाऊ पहाटे पकडला गेला. त्याचे नाव पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या कुठल्या यादीत लागले नाही.

"फुडच्या येळला चिठ्ठी आली," आबा म्हणाले, "ती म्या वढ्यात सोडली. पावसात भिजली म्हून सांगितलं. कमरंत लाथ बसली, ती बसू दे. तवाच ठरवलं, पोरगं झालं तर त्येला साळंत घालायचं."

मी मास्तर का झालो हे मला त्या रात्री कळले.

आबांना खरातांचे पुस्तक सहन झाले नाही, पण त्याच पुस्तकाने त्यांचे तोंड उघडले. दहादा ऐकलेल्या फकिराने त्यांना ताठ बसवले. एकदाच ऐकलेल्या तराळाने त्यांना बोलते केले. यात कोणते पुस्तक श्रेष्ठ असा वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. आमच्या माणसांना दोन्ही लागतात. एक, जे करायला हवे होते त्याचे. दुसरे, जे करावे लागले त्याचे. आणि चिठ्ठी ओढ्यात सोडणारा तराळ दोन्ही पुस्तकांत बसतो.

पुढे शाळेत मी एक रिवाज ठेवला. गोष्ट वाचून झाली की तात्पर्य विचारायचे नाही. विचारायचे, असे तुमच्या घरात कुणाच्या बाबतीत झाले आहे का? काही गोष्टींनंतर वर्ग गप्प राही. काहींनंतर मागच्या रांगेतला, कधी न बोलणारा मुलगा उभा राही. कुठल्या गोष्टीत जीव आहे हे मला त्यावरून कळे. समीक्षकांचे दाखले मी नंतर पाहात असे.

नव्याने लिहिणाऱ्या मित्रांना एवढेच सांगायचे. आपल्यावर काय झाले ते जरूर लिहा, तारीखवार लिहा. तो इतिहास दुसरा कोणी लिहिणार नाही. पण त्या वेळी आपल्या माणसाने काय केले, मनात काय ठरवले, कोणती चिठ्ठी पोचवली आणि कोणती ओढ्यात सोडली, हेही लिहा. लाज वाटली तरी लिहा. आबांनी ती गोष्ट सांगायला चाळीस वर्षे घेतली. आबा आता नाहीत. चुलतभावाचे नाव यादीत नाही. निदान त्याची भाकरी आणि आबांची चिठ्ठी या पानावर राहो.