अरुंद ऊर्जा-अंतर मोजणारा सुईच्या टोकाएवढा संपर्क

अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांसाठी दोन ऊर्जापट्टे असतात: भरलेला संयुजा पट्टा आणि जवळपास रिकामा संवहन पट्टा. मधल्या भागाला ऊर्जा-अंतर किंवा बँड गॅप म्हणतात. सिलिकॉनमध्ये ते सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर बिस्मथ टेल्युराइडमध्ये जेमतेम ०.१५.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी अर्धवाहकांचे पातळ थर बनवण्याचे संशोधन अनेक वर्षे चालत आले आहे. असा थर तयार झाला की पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो: त्याचे ऊर्जा-अंतर किती?

प्रकाशाची अडचण

नेहमीची पद्धत म्हणजे थर कोणता प्रकाश शोषतो ते पाहणे. १२४० ला ऊर्जा-अंतराने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. सिलिकॉनसाठी ती सुमारे ११०० येते, बिस्मथ टेल्युराइडसाठी ८३०० च्या आसपास. त्यासाठी अवरक्त किरणांचे उपकरण लागते. शिवाय इलेक्ट्रॉन जास्त असले, तर संवहन पट्ट्याचा तळ आधीच भरलेला असतो आणि अंतर आहे त्याहून मोठे दिसते. हा बर्स्टीन-मॉस परिणाम.

संपर्काची पद्धत

धातूचे टोकदार अग्र आणि अर्धवाहक यांच्यामध्ये अतिपातळ रोधक थर किंवा पोकळी ठेवतात. इलेक्ट्रॉन हा अडथळा पुंज-बोगद्याने पार करतात. व्होल्टता हळूहळू बदलत प्रवाह मोजला, की ऊर्जा-अंतराच्या जागी वाहकतेच्या आलेखात दरी दिसते. दरी ०.१५ व्होल्ट रुंद असेल, तर अंतर ०.१५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इलेक्ट्रॉन जास्त असले तरी दरी फक्त बाजूला सरकते, तिची रुंदी तीच राहते. लिओ एसाकी आणि फिलिप स्टाइल्स यांनी १९६६ मध्ये टिन टेल्युराइडवर अशाच बोगदा-जोडणीचे प्रयोग केले होते.

फसगत कुठे होते?

संपर्क लहान असला की त्याचा रोध मोठा राहतो आणि जवळपास सगळी व्होल्टता तिथेच पडते. तो मोठा झाला, तर काही व्होल्टता थरातच खर्च होते आणि दरी खोटी रुंद दिसते. सुई जास्त दाबली, तर दाबानेच ऊर्जा-अंतर बदलते. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे दरीच्या कडा सुमारे ०.०९ इलेक्ट्रॉन-व्होल्टने पसरतात. द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला हा पसारा ०.००१३ वर येतो.

म्हणून एका आलेखावर निष्कर्ष काढत नाहीत. जागा बदलून अनेक संपर्क घेतात. दरी प्रत्येक वेळी तेवढीच आली, तरच ती पदार्थाची. बदलत गेली, तर ती संपर्काची.