तो घोरत नव्हता : आग्रा रोडची अफू, मुंबईचं गर्द आणि एक जुनं इंजेक्शन

पंचवटीतून बोलतोय. मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, मालेगाव स्टँडजवळ राहणाऱ्याच्या नशिबी साउंडप्रूफ खोली नसते.

आजचा विषय मी बरेच दिवस टाळत होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गल्लीतला एक दादा गेला, माझ्या मित्राचा सख्खा मोठा भाऊ. मुंबईत नोकरीला होता, तिथे पावडरची सवय लागली. घरच्यांनी उपचाराला ठेवलं आणि दोन महिन्यांनी तो परत आला. चेहरा भरला होता. काकूंनी पुरणपोळ्या केल्या, मलाही बोलावलं. पाचव्या दिवशी रात्री तो बाहेरून आला आणि झोपला. रात्रभर घोरत होता, असं काकू सांगतात. एरवी घोरायचा नाही, पण दमला असेल म्हणून त्यांनी अंगावर चादर टाकली आणि दार लोटून घेतलं. सकाळी तो उठलाच नाही.

ते घोरणं नव्हतं. हे मला फार उशिरा, नोकरी लागल्यावर एका रात्री वाचता वाचता कळलं. अफूच्या कुळातली कुठलीही नशा, म्हणजे हेरॉइन, ब्राउन शुगर, मॉर्फिन, मेंदूच्या तळाशी जिथून श्वासाची सूचना निघते तिथे काम करते. डोस जास्त झाला की मेंदू श्वास घ्यायचा विसरतो. घसा सैल पडतो, घरघर ऐकू येते, ओठ निळे पडतात. सगळं मिनिटांत संपतंच असं नाही, कधी तास जातात. म्हणजे बहुतेक वेळा वाचवायला वेळ असतो. वाचवायचंय हे कुणाला माहीत नसतं.

आता जरा मागे जाऊ, कारण ही गोष्ट आपल्या दारावरूनच गेलेली आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदूरकडून मुंबई बंदरात यायची आणि तिथून जहाजाने चीनला जायची. आधी इंग्रजांना चुकवून ती कराची आणि दमणमार्गे निघायची. १८३० च्या सुमारास कंपनी सरकारने विचार केला, की अडवता येत नाही तर पास विकून पैसे तरी कमवू. मुंबई ज्या पैशावर उभी राहिली त्यात या अफूचा वाटा मोठा आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्तीही बरीचशी चीनच्या अफू-कापूस व्यापारातली. आणि इंदूर ते मुंबई रस्ता म्हणजे कोणता? आपला आग्रा रोड. द्वारकाच्या सिग्नलला अडकलात की एकदा आठवून बघा.

आपल्याकडे अफूचा ओव्हरडोस ही काही 'पोरं बिघडली' प्रकारची गोष्ट नव्हती. गिरणगावात बाई बारा-बारा तास कामावर जायची, तान्हं घरी. ते रडू नये म्हणून त्याला 'बाळागोळी' द्यायची. त्या गोळीत अफू असे. १९२० च्या दशकात गिरणीतल्या बायकांची पाहणी करणाऱ्या डॉक्टर बाईंनी ही चाल किती सरसकट आहे ते नोंदवलंय. गोळी थोडी मोठी झाली की मूल झोपेतच जायचं. त्या आईला गुन्हेगार कोण म्हणेल? मला तर ती आणि आमच्या काकू शेजारी बसलेल्या दिसतात.

पुढे १९८० च्या आसपास मुंबईत ब्राउन शुगर आली. इराणमध्ये क्रांती, अफगाणिस्तानात रशियन फौजा, त्या भागातल्या मालाच्या वाटा बदलल्या आणि पाकिस्तानमार्गे तो इकडे पोचू लागला. आपण त्याला गर्द म्हणालो. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. अनिल अवचट यांनी गर्दवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथेच मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसनी माणसाला मारहाण न करता, माणूस म्हणून वागवायचं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पण उपचारानंतरचा एक धोका घराघरांत पोचलाच नाही. नशा थांबली की काही आठवड्यांत शरीराची सवय मोडते. मग माणूस घसरला, आणि घसरणं या आजारात नेहमीचं आहे, तर तो जुनाच डोस घेतो. शरीर मात्र नवं असतं. तुरुंगातून किंवा केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. आमचा दादा पाचव्या दिवशी गेला. घरी येताना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आणि औषध? ते आपल्या आईवडिलांच्या वयाचं आहे! नॅलोक्सोन. १९६१ मध्ये जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९७१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, १९८३ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं. मेंदूतल्या ज्या जागांवर हेरॉइन चिकटतं तिथून ते त्याला ढकलून देतं आणि दोन-चार मिनिटांत श्वास परत येतो. नशा केली नसेल तर काहीच होत नाही. एकच गोम आहे : त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि हेरॉइन अजून शरीरात असू शकतं, म्हणून हॉस्पिटल गाठावंच लागतं. खुद्द फिशमनचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला होता.

शिकागोमध्ये १९९६ पासून डॅन बिग आणि त्यांच्या साथीदारांनी हे औषध थेट नशा करणाऱ्यांच्याच हातात द्यायला सुरुवात केली. तेव्हा वेडेपणा वाटला लोकांना. पण ओव्हरडोस होतो तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो, मित्र असतो. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितलं. फ्रान्सने वेगळी वाट धरली : १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा, आणि चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू जवळजवळ ८० टक्क्यांनी घटले. ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे हेरॉइनची ओढ शमवणारी, पण श्वास सहसा न थांबवणारी गोळी. ती आपल्याकडेही आहे. मुंबईत 'संकल्प'सारख्या संस्था नव्वदच्या दशकापासून या कामात आहेत आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने २००७ नंतर तिची केंद्रं चालवायला घेतली. सुयांमधून एचआयव्ही पसरू नये म्हणून. जीव वाचणं हा, म्हटलं तर, जोडफायदा.

नॅलोक्सोन मात्र भारतात चिठ्ठीवर मिळणारं इंजेक्शन आहे आणि मुख्यतः हॉस्पिटलात असतं. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय नशेमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक मोजले गेले. आणि ओव्हरडोसचे मृत्यू सरकारी नोंदीत वर्षाला काहीशे. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो, त्यामुळे मला एवढं कळतं की एरर दिसत नाही याचा अर्थ एरर नाही असा होत नाही. कुणी लिहीतच नाहीये. दादाच्या बाबतीतही घरच्यांनी 'हार्ट अटॅक' सांगितलं.

भीतीचं काय? रस्त्यावर अपघात झालेल्याला उचलणाऱ्याला २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे. ओव्हरडोस झालेल्या मित्राला उचलणाऱ्याला असं स्पष्ट संरक्षण देणारं कलम एनडीपीएसमध्ये नाही. उलट कलम २७ प्रमाणे सेवन हाच गुन्हा. कलम ६४अ मध्ये उपचार घेणाऱ्या व्यसनीला सूट आहे, पण ती किती पोरांना माहीत असते? म्हणून सोबतचे पळतात. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, आणि माफही करू शकत नाही.

जाता जाता, नाशिक म्हटलं की लोकांना शिंदे गावातला २०२३ चा एमडीचा कारखाना आठवतो. एमडी वेगळं, ते उत्तेजक आहे आणि त्यावर नॅलोक्सोन चालत नाही. पण समोरच्याने काय घेतलंय हे आपल्याला कुठे माहीत असतं.

तर ऐका. माणूस हलवून उठत नाही, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळलं तरी उठत नाही, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, श्वास अडखळत किंवा घरघरत, ओठ निळे : १०८ लावा. 'श्वास घेत नाहीये' एवढंच आधी सांगा. मान मागे करून नाक दाबा आणि दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. मीठ-पाणी, लिंबू, थंड आंघोळ यातलं काही नको. आणि त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरांना काय घेतलं असावं ते खरं सांगा. व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मित्राला विचारलं होतं. तो म्हणाला, कर, फक्त आईला लगेच ऐकवू नकोस, घोरण्याचं तिला अजून मी सांगितलेलं नाही.