शब्दातलं अंगण

'अंगणवाडी' म्हटलं की आपल्याला खिचडी, वजनकाटा आणि सेविकाताई आठवतात. शब्दातलं अंगण मात्र आपण विसरलो आहोत.

ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीनं काम केलं होतं. पण त्या पद्धतीची घोटीव लाकडी साधनं खेड्याला परवडणार कशी? १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. गरीब वस्तीतली मुलं केंद्रात येईनात, तेव्हा केंद्रच त्यांच्या अंगणात भरू लागलं. साधनंही तिथलीच: शंखशिंपले, चिंचोके, खडे, पानं, काड्या.

ही काही गरिबाची तडजोड नव्हती, असं मला वाटतं. लहान-मोठं, जड-हलकं, खडबडीत-गुळगुळीत हा फरक बोटांना कळावा, हेच तर माँटेसरीबाईंच्या साधनांमागचं तत्त्व. ते शिंपल्यांच्या ढिगातही आहे, हे ताराबाईंनी ओळखलं.

१९७५ साली सरकारी बालविकास योजनेनं अंगणवाडी हे नाव देशभर नेलं. आहार आणि लसी पोचल्या, हे मोठंच काम. पण शिंपले मागे राहिले.

हल्ली आईवडील मला विचारतात, मोबाइल सुटावा म्हणून कोणता किट आणू? मी सांगते, ताटात मूठभर राजमा आणि वाल मिसळून निवडायला द्या. मूल रमतं. फक्त जवळ बसा. दाणे नाकात जातात, आणि तेवढा वेळ आपलाही मोबाइल बाजूला राहतो.