पत्ता पालटतो, खूण उरते: करकंबच्या पानापर्यंतचा प्रवास

१/ पंढरपूर तालुक्यातील करकंब. मराठी विकिपीडियाच्या पत्त्यात हे नाव आपल्याला पाच चिन्हांचे दिसते: क, र, क, अनुस्वार, ब. सर्व्हरकडे मात्र ते ४५ खुणांचे होऊन पोहोचते. पत्ता असा वाटेत रूप पालटतो, तरी वाचकाची माहिती हरवत नाही. त्यामागचा हा इतिहास.

२/ ४५ कशा? १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत रचली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे असा लिहितात. ५ × ३ × ३ = ४५.

३/ आता माहिती जपण्याचे साधन. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आले: एका प्रोग्रामने दुसऱ्याला सोबत दिलेली नाव आणि मूल्य यांची जोडी. १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए संस्थेत सीजीआय पद्धत घडली, तेव्हा वेब सर्व्हरनेही हाच मार्ग पत्करला.

४/ एप्रिल १९९६ मध्ये राल्फ एंगेलशाल यांनी मॉड-रीराइट लिहिले आणि जुलै १९९७ मध्ये ते अपाचे गटाला देऊन टाकले. आलेला पत्ता नियमांनुसार नव्याने लिहिणे, हे त्याचे काम. नियमाला 'ई' ही खूण जोडली की व्हेरिएबल नोंदले जाते आणि पुढचा नियम ते वाचू शकतो. पाकिटावरचा पत्ता खोडला, तरी कोपऱ्यातली पेन्सिलीची टीप राहावी, तसे.

५/ ही टीप किती मोलाची? जून २०१५ मध्ये विकिमीडियाने सर्व वाचकांसाठी एचटीटीपीएस हा कूटबद्ध मार्ग लागू करण्याचे जाहीर केले. पण कूट उलगडते ते वेशीवरच्या सर्व्हरवर. आतल्या अपाचेला वाचक कोणत्या मार्गाने आला, हे स्वतःहून कळत नाही. वेशीवरून ते हेडरमध्ये येते आणि विकिमीडियाच्या नियमांत 'आरडब्ल्यू_प्रोटो' या व्हेरिएबलमध्ये नोंदले जाई. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे धाडताना तेच वाचले जाई. ही नोंद नसती, तर सुरक्षित वाटेने आलेला वाचक उघड्या वाटेवर लोटला गेला असता.

६/ एक मेख मात्र आहे. सर्व्हरने विनंती आतल्या आत दुसरीकडे वळवली की अपाचे जुन्या व्हेरिएबलच्या नावाआधी 'रीडायरेक्ट_' जोडतो. मूळ विनंतीची आणि नव्या विनंतीची माहिती वेगळी ओळखता यावी, हा हेतू. जुन्याच नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नोंद मात्र जागेवरच असते. नाव पालटलेल्या गावाचा दप्तरात शोध घेणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.