स्पोर्ट बाईक तापते. पण नेमकी कधी?

पर्वरीच्या वाहतूक कोंडीत किंवा चोर्ला घाटाच्या चढणीवर स्पोर्ट बाईकचे इंजिन तापले, की अनेक जण आधी कूलंट ओततात आणि मग अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत जातात. खर्च होतो, दोष मात्र तसाच राहतो. गाडी कोणत्या वेळी तापते याकडे लक्ष दिल्यास बिघाडाची जागा बऱ्याचदा घरीच ओळखता येते.

यंत्रणा कशी चालते?

वॉटर पंप कूलंटला इंजिनभोवती फिरवतो. इंजिन साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की थर्मोस्टॅट उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातो. धावत्या गाडीत समोरचा वारा त्याला थंड करतो. उभ्या गाडीत हे काम पंख्याचे असते. बहुतेक गाड्यांत तो १०० अंशांच्या आसपास सुरू होतो. झाकणाने राखलेल्या दाबामुळे कूलंट या तापमानालाही उकळत नाही. त्यामुळे १०० चा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. धोक्याचा दिवा लागला तर मात्र थांबलेच पाहिजे.

केवळ कोंडीत तापत असल्यास

संशय पंख्यावर घ्यावा. प्रथम फ्यूज, रिले आणि वायरिंगचे जोड तपासावेत. खाऱ्या हवेत जोड लवकर गंजतात. पंख्याला बॅटरीतून थेट वीज देऊन पाहावी. तो फिरला तर दोष सेन्सर, रिले किंवा वायरिंगमध्ये. न फिरल्यास मोटर निकामी.

वेगात किंवा चढावर तापत असल्यास

रेडिएटरच्या बारीक पात्यांत चिखल आणि किडे अडकलेले असतात. इंजिन थंड असताना मागच्या बाजूने पाण्याची हलकी धार सोडून ते काढावेत. प्रेशर वॉशरने पाती वाकतात. रेडिएटर स्वच्छ असूनही फरक न पडल्यास कूलंटची पातळी, झाकणाचे रबर आणि वॉटर पंप पाहावा.

सुरू करताच काही मिनिटांत तापत असल्यास

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो किंवा कूलंट बदलताना आत हवा राहिलेली असते. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात बुडवावा आणि पाणी तापवावे. उकळी येईपर्यंत तो उघडला नाही तर बदलावा. कूलंट मात्र थंड इंजिनातच, सावकाश भरावे आणि मॅन्युअलप्रमाणे आतील हवा काढावी.

कूलंट वारंवार कमी होत असल्यास

होजचे जोड आणि वॉटर पंपाखालचे छोटे छिद्र पाहावे. त्या छिद्रातून थेंब गळत असल्यास पंपाचे सील गेलेले असते. गळती कुठेच दिसत नसेल, पण सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅसकेट फाटल्याची दाट शक्यता असते. अशी गाडी सुरू न करता गॅरेजमध्ये न्यावी. तशीच चालवल्यास ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकू शकते आणि खर्च बराच वाढतो.

या चुका टाळाव्यात

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते कूलंट तोंडावर आणि हातांवर उसळते. इंजिन बंद करून ते हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, घाई असली तरीही. अडचणीच्या वेळी साधे पाणी चालते, पण विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार आत साचतात. म्हणून नंतर यंत्रणा धुऊन योग्य कूलंट भरावे. ते किती काळाने बदलायचे हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. बहुतेक कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असते. अंगणात सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात, त्यामुळे ते लगेच पुसून घ्यावे आणि उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.